दीड फेऱ्यावर अडलेली रिंग

चैत्रातल्या दुपारी चारच्या सुमारास माझ्या स्टुडिओच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून एक उजेड आत येतो. बाहेर सोलापूरचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत असतं. पण खिडकीला टांगलेल्या जुन्या पांढऱ्या धोतरातून गाळून येताना त्याचा दाह निवतो आणि समोरच्या लाकडी स्टुलावर ते सायीसारखं अलगद पसरतं. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. तेवढ्या अवधीत तिथे बसलेला कुठलाही चेहरा, मग तो किती का रापलेला असेना, निवांत दिसतो. हा उजेड मला फार प्रिय होता. हल्ली तो आला की मी पाठ फिरवून बसतो.

अक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि ती सासरच्या गावाहून, केमहून, माझ्याकडे आली, ती कायमचीच. तीस वर्षं तिने या स्टुडिओत थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला. खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या एकाच अंगावर पडतो, दुसरं अंग उजळायचं तर समोरून तक्ता धरावा लागतो. आणि तो किती तिरका धरायचा हे तिच्या मनगटाला माझ्या डोळ्यांआधी कळायचं. किती नवऱ्या मुलींच्या, किती म्हाताऱ्यांच्या गालांवर तिच्या हातातला उजेड आहे! ती स्वतः मात्र सदैव चौकटीबाहेर. एकदा बस म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "आदी गिऱ्हाईकाचं बघ. मी कुटं पळून चालले?"

मार्गशीर्षात डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले आणि मला एकट्याला आत बोलावलं. घरी परतताना माझ्या मनात एकच गोष्ट होती : अक्काचा फोटो काढायचा. आणि तो साधासुधा नाही. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची आट्यांची, स्क्रूसारखी फिरवून बसवायची लेन्स कपाटात होती. कॅमेरा केव्हाच निकामी झाला, पण अक्का दर दसऱ्याला ती लेन्स मऊ लुगड्याच्या तुकड्याने पुसून, हळदकुंकू वाहून परत ठेवी. त्या काचेतून चेहरा जितका जिवंत उतरे तितका नंतरच्या कुठल्याच काचेतून उतरला नाही. पण लग्नं टिपायच्या माझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर ती बसेना. त्याच्या पोटात आरसा असतो, त्या आरशाच्या जागेपायी लेन्स दूर राहते आणि चित्र धूसर येतं. बिनआरशाच्या छोट्या कॅमेऱ्यांना ही अडचण नाही. मधे योग्य मापाची जोडरिंग घातली की जुनी लेन्सही त्यांना आपली मानते.

मग मी तुलना करायला बसलो. एकाचा चित्र टिपणारा सेन्सर मोठा, पण अंगाने जड. दुसरा तळहातात मावणारा, पण सेन्सर लहान, म्हणजे लेन्सच्या चित्राच्या कडा कापल्या जाणार. तिसरा हाताची थरथर सावरून घेणारा, पण त्याच्या तोंडाला कुठली रिंग चालते यावर जाणत्यांचंच एकमत नव्हतं. वहीत रकाने आखले, पुण्याच्या दुकानदारांना फोन केले. पौष गेला, माघ गेला. पलीकडच्या खोलीत अक्का अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसती पेज अशी उतरत होती, आणि मी सेन्सरचे आकार ताडून पाहत होतो. हे प्रेम होतं की पळ काढणं? तेव्हा विचारलं असतंत तर मी प्रेम म्हणालो असतो.

फाल्गुनात कॅमेरा आला, पाठोपाठ रिंग आली. अक्काने न्हाऊन हिरवं इरकल नेसलं, भिंत धरत धरत स्टुडिओत आली आणि जन्मात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली. चार वाजले. मी लेन्स रिंगमध्ये फिरवली, ती दीड फेऱ्यावर करकरून अडली. पुढे जाईना. व्यास तोच, बेचाळीस मिलिमीटर. पण आट्यांमधलं अंतर वेगळं. तीन महिने सगळं जग मोजलं आणि नेमके आटे मोजायचे राहिले! मी तेल लावलं, उलटी फिरवली, पुन्हा बसवली. अक्का पाठ ताठ ठेवून बसली होती. "झालं का रं?" तिने दोनदा विचारलं. मग उजेड तिच्या खांद्यावरून उतरून फरशीवर गेला, आणि तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. लई बसवंना आता. उद्या काढ."

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स होतीच ना? होती. लग्नाचा कॅमेरा शेल्फवर होता, खिशात मोबाइल होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. मला ती काच हवी होती, म्हणून मी काहीच टिपलं नाही. दुसरी रिंग मागवली. अक्का त्यानंतर अंथरुणावरून उठली नाही, आणि आठव्या दिवशी गेली.

घरातलं कुणी गेलं की आमच्याकडे कुर्डुवाडी, माळशिरसहून लोक येतात, दहाव्याच्या आत. हातात कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो असतो. "ह्यातली आई तेवडी काडून मोटी करून द्या की." मी त्यांच्यावर हमखास चिडायचो; जिवंतपणी एक धड फोटो काढवत नाही का, असं तोंडावर ऐकवायचो. अक्कासाठी मी तीस वर्षांच्या फायली उपसल्या. तिचा हात सापडला, पदराचा काठ सापडला, तक्त्यामागची अर्धी कपाळपट्टी सापडली. समोरून पूर्ण चेहरा असा एकच मिळाला, आधार कार्डावरचा. डोळे बावरलेले, ओठ घट्ट मिटलेले. तोच मोठा करून हार घातला. फोटोवाल्याच्या घरात, दिव्याखालच्या अंधारात, तो लटकतो आहे.

दुसरी रिंग तिच्या तेराव्यानंतर आली. आज दुपारी मी ती प्रथमच बसवली. लेन्स लोण्यातून फिरावी तशी शेवटपर्यंत फिरली. धोतरातून उजेड उतरला, स्टुलावर पसरला. मी फोकस केला, लाकडाची रेघ न् रेघ इतकी स्वच्छ उमटली की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अक्का, तक्ता जरा वर घे."

मग उजेड जाईपर्यंत मी कॅमेरा डोळ्याला लावूनच उभा राहिलो.