माळवद तपासायला आलेले पाहुणे

हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या आमच्या घराची मधली तुळई बोलायची. ऊन तापलं की करकर, आणि कुणी वरच्या सपाट मातीच्या माळवदावर धान्य वाळत घालायला चढलं की पुन्हा करकर. आबा म्हणायचे, ती त्यांच्या लग्नातही बोलली होती, आणि त्यानंतर या घरात मायशिवाय कुणाला बोलायला मिळालेलं नाही, तर तिला तरी बोलू द्या.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. थोरलीचं मामाच्या दारात लागलं होतं, कारण त्या साली घरात आजारपण होतं. ते आबांना फार लागून राहिलं होतं. हे शेवटचं लग्न आपल्याच दारात होणार, पाहुणे आपल्याच माळवदाखाली उतरणार, बायका वर बसून अक्षता टाकणार, असं त्यांनी पार पुसेगावपर्यंत सांगून ठेवलं होतं. मायचं म्हणणं एवढंच, की व्याह्याच्या डोक्यावर तुळई पडली तर ते पोरीला नांदवतील का?

मी तेव्हा हिंगोलीला मास्तर होतो. त्यामुळं ज्या गोष्टीतलं घरात कुणालाच काही कळत नाही, ती मला विचारायची पद्धत पडली होती. मी तुळईकडं बघून गंभीरपणे मान हलवली आणि म्हणालो, जाणकाराकडून बराबर तपासणी करून घेऊ. सरकारी इमारतींवर हयात घालवलेले एक ओव्हरसियर नोकरी संपवून माझ्या शेजारी राहत होते. त्यांना बैलांच्या दमणीत बसवून गावाकडं निघालो. निघण्याआधी घरी निरोप धाडला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

साहेब येणार म्हटल्यावर मायनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, भुई सारवली, खांबांना अन् तुळयांना करडीचं तेल चोपडलं. आम्ही पोचलो तेव्हा घर नुकतं न्हाऊन बसल्यासारखं दिसत होतं. एक भेग की एक ओघळ दिसेल तर शपथ. मी तर खूश झालो. साहेब मात्र उंबऱ्यातच थांबले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"मास्तर, मला घर दाखवायला आणलं का पोरगी?"

चुलीपासून बहीण म्हणाली, "मला दाखवलं तवा एवढं तेल न्हवतं लावलं."

भेगा, ओल, वाळवीच्या रेघा हेच तर बघायला साहेब आले होते, आणि नेमकं तेच बायकांनी लिंपून टाकलं होतं. आता पोतारा वाळेपर्यंत थांबणं आलं. भिंत वाळली की भेगा आपोआप वर येतात म्हणे. आबांना वाटलं, तोवर जेवण उरकावं. त्यांनी ताट वाढायला सांगितलं, तर साहेबांनी हात जोडले.

"आधी घर, मग जेवण. ज्या घरी जेवलो त्याची भिंत मला सरळच दिसती, पाटील."

यावर रागवावं की खूश व्हावं हे आबांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी चहा सांगितला. साहेबांनी तोही घेतला नाही.

मग घराला बाहेरून चक्कर झाली. पन्हळीचं पाणी कुठं पडतं, पायाचे दगड जागेवर आहेत का, सगळं बघून झालं. भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा माझ्या हातात दिला. तो स्थिर धरायचा असतो. माझा हात हलत होता, त्यामुळं पहिल्या पाहणीत आमची अख्खी भिंत डुलत असल्याचं निघालं. साहेबांनी ओळंबा काढून घेतला आणि खिळ्याला टांगला. भिंत एकदम सुधारली.

तोवर आतल्या भेगा उमटल्या होत्या. प्रत्येकीवर बोट फिरवून साहेब "वरवरची, वरवरची" म्हणत पुढं सरकले. तुळई भिंतीत शिरते तिथं त्यांनी टोच्या मारून बघितला. तो आत जाईना. हातोडीनं ठोकून कान लावला. लाकूड पक्कं, वाळवी नाही. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू घराला लागलेली वाळवी मीच. पण साहेबांनी तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली, तर सुतळी सरळ आणि तुळईला पोट सुटलेलं.

"वर चला," ते म्हणाले, "अन् एक खुरपं द्या."

माळवदावर त्यांनी उकरायला घेतलं. पांढऱ्या मातीचा एक थर, त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी. हात कोपरापर्यंत आत गेला तरी लाकूड लागेना.

"दरसाल माती टाकता?"

"दरसाल," आबा छाती काढून म्हणाले. "पावसाळ्याआधी. आमच्या बाबापासून एक साल चुकलं न्हाई. गावात समद्यांचं गळतं, आमचं न्हाई गळत."

"जुनी खरवडून टाकता?"

"चांगली माती खरवडायची काहून?"

साहेब तिथंच मातीवर टेकले. शांतपणे म्हणाले, "पाटील, तुळईला रोग न्हाई. ती दोन पिढ्यांची मेहनत उचलून राहिली. निम्मी माती खाली घ्या, मग खुशाल लग्न करा. न्हाईतर पाहुणे दुसऱ्याच्या घरी उतरवा."

ज्या मातीचा गावभर लौकिक, तीच पोरीच्या लग्नाच्या आड आली होती. साहेबांनी मग पोटभर जेवण केलं, पिठलं दोनदा मागितलं, पण आबांचा घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते फावडं घेऊन एकटेच वर चढले. मला म्हणाले, "तू न्हको येऊ. तू धरलं की सगळं डुलतं." टोपल्यांमागून टोपल्या अंगणात उतरल्या. तिथं डोंगर झाला. शेजाऱ्यांनी माती मागितली तर दिली नाही, उकिरड्यावर टाकू म्हटलं तर आबा भांडायला उठले. शेवटी त्याच मातीचं त्यांनी लग्नाचं बोहलं घातलं. बोहलं हातभर उंच असतं. पण माती संपेना आणि आबा थांबेनात.

लग्नादिवशी माय बायकांना घेऊन निर्धास्त माळवदावर बसली होती. खाली नवरदेवाला त्याच्या मामानं काखेत धरून बोहल्यावर चढवलं. व्याही धापा टाकत मागून चढले आणि म्हणाले, "पाटील, एवढं उंच काहून केलं हो?"

"एवढंच बसलं अंगणात," आबा म्हणाले.