बाकावर राहिलेल्या सॅक

सगळी मुलं ग्राउंडवर आली होती. प्राचार्य मॅडम खूश होत्या. मी मात्र रिकाम्या वर्गांतून फिरत होतो, आणि जवळपास प्रत्येक बाकावर सॅक पडलेली होती.

पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातून रिटायर झाल्यावर मी गारखेड्यातल्या एका कॉलेजात सिक्युरिटी ऑफिसर झालो. हे आमचं पहिलं मॉक ड्रिल. धमकी आलीच तर काय करायचं, त्याची तालीम.

"मॅडम, ड्रिल पुन्हा घ्यावं लागंल."

"का? सगळे बाहेर आले की."

"सामान आत राहिलं. आग लागली तर सामान सोडून पळायचं. बॉम्बची धमकी असली तर हाताशी असलेली आपली बॅग न्यायची. नाहीतर पथकाला प्रत्येक बॅग संशयित धरावी लागते."

"परीक्षा जवळ आलीय. पालकांचे फोन येतायत."

"येऊ द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

मी रोज त्यांच्या केबिनबाहेर उभा राहू लागलो. शेवटी परवानगी मिळाली. दुसऱ्या ड्रिलला मुलं सॅक अडकवून उतरली.

पुढं परीक्षेतच ऑफिसला धमकीचा ईमेल आला.

"खोटाच असेल ना?" मॅडमनी विचारलं.

"असंल. पण ते ठरवणं आपलं काम नाय."

पोलिसांना कळवलं. इमारत रिकामी केली. निघताना प्रत्येक शिक्षकानं आपल्या खोलीवर नजर टाकली. अनोळखी वस्तू दिसली तर हात न लावता सांगायचं, असं ठरलं होतं. लॅबच्या सरांनी सांगितलं, खिडकीखाली एक सॅक आहे.

पिशोरची शीतल पुढं आली. "सर, माझी हाय ती. लॅपटॉप हाय त्यात. पळत जाऊन आणते."

मी आडवा उभा राहिलो. "तुझीच असंल. तरी आता तिला कुणीच हात लावायचा नाय."

"हिला धरून उतरवलं, सर. लई उंच जिना हाय."

शेजारी तिची मैत्रीण उभी होती, पायाला प्लास्टर. शीतल रडायला लागली. मी रस्ता सोडला नाही.

पथकाला सॅकची जागा सांगितली. ते आधी तिकडंच गेले. आत लॅपटॉप आणि डबा निघाला. मग सारी इमारत तपासली. काहीच सापडलं नाही.

"पुन्हा विसरू नकोस," सॅक देताना मॅडम शीतलला म्हणाल्या.

"विसरली नव्हती ती," मी म्हणालो. "तिचे दोन्ही हात गुंतले होते."

मॅडमनी मैत्रिणीच्या प्लास्टरकडं पाहिलं. मग त्यांनीच विचारलं, "पुढचं ड्रिल कधी घेताय?"

आता चालता न येणाऱ्यासोबत दोघं असतात. एक त्याला धरतो, दुसरा सामान घेतो. प्रत्येक ड्रिलमध्ये काहीतरी चुकतंच. चुकलेलं दिसलं नाही, तर आपण नीट पाहिलं नाही असं समजावं.