आवडाबाईचं नाक

आमच्या कोपरीच्या चाळीत आवडाबाईच्या नाकापुढे कुणाची शिळी मासळी टिकत नसे. पाटीवरचं फडकं उचलायच्या आधीच ती सांगायची, "कालची हाय." पण दिवसभर मासळीत बसणाऱ्या कोळणीला दुसरा कसला वास येणार, असं आम्ही शहाणे लोक म्हणायचो. मीही म्हणायचो, आता लाज वाटते.

एक्याण्णव साली तळमजल्यावरच्या कलावतीला घरात पेट्रोलचा वास येऊ लागला. डोकं ठणकायचं. तिला सातवा महिना. नवरा उत्तम म्हणाला, "अगं, डोहाळ्यात येतात असले वास." सासू गंगुबाईने आणि अख्ख्या चाळीने तीच री ओढली. एकटी आवडाबाई तिच्या मोरीशी वाकली, फरशीच्या भेगेला नाक लावलं आणि उठून गरजली, "अरे उत्तम, पोरीला येडी ठरवू नको! चाळीमागच्या पेट्रोल पंपाची टाकी गळते. जमिनीखालून वास घरान येतंय. स्टो पेटवू नको हितं!"

पंपाचा मालक म्हणाला, पुरावा आणा, मग टाकी रिकामी करतो. आम्ही सरकारी कचेरीत अर्ज केला. वास मोजायचं काट्याचं यंत्र घेऊन साहेब यायचे ठरले. आता साहेब येणार म्हटल्यावर घर तसंच ठेवतात होय? गंगुबाईने पहाटेच दारंखिडक्या सताड उघडल्या, फिनेलने फरशी धुतली, वर उदबत्त्या लावल्या. मी माझा टेबलफॅन नेऊन दिला. पेट्रोलच्या घरात उदबत्त्या! देवानेच राखलं. यंत्राचा काटा जागचा हलला नाही. साहेब चहा पिऊन "काही नाही हो" म्हणत उठले.

कलावतीला रडू फुटलं. "बाळाला घेऊन मी याच खोलीत यायचं का?"

तेवढ्यात बाजारातून आलेल्या आवडाबाईने पाटी दारातच ठेवून साहेबांची वाट अडवली. "साहेब, वारा घालून कुनी मासळीचा वास घेतं का? उद्या सकाली या. रातभर घर बंद ठेवताव. दार तुमीच उघडा."

साहेब हसले, पण आले. उत्तमचं बिऱ्हाड रात्रभर माझ्याकडे होतं. सकाळी साहेबांनी दार उघडून यंत्राची नळी मोरीच्या भेगेशी धरली मात्र, काटा असा उडाला की साहेबच आधी बाहेर पळाले! आम्ही पोट धरून हसलो, कलावतीही हसली. उत्तम तेवढा मान खाली घालून उभा होता.

आठवड्यात टाकी खणून काढली, भोवतालची माती उपसली. भोक करंगळीएवढं होतं.

बारसं त्याच खोलीत झालं. गंगुबाई उदबत्ती हातात धरून थांबली आणि आवडाबाईकडे बघू लागली. आवडाबाई मोरीशी वाकली. भेगेला नाक लावून उठली.

"लाव गो आता," ती म्हणाली.