निळ्या ग्लासातला निकाल

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांना त्यांच्या मंडळात सगळे ‘नाक’ म्हणत. महिन्यातून एकदा आठ-दहा कर्ते पुरुष जमत आणि सिंगल माल्ट व्हिस्कीच्या एका घोटावर लग्नाच्या बोलणीइतका वेळ घालवत. शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली व्हिस्की हुंगली, की काकांना मनुका, अंजीर, संत्र्याची साल असं काय काय सापडे. घरी पलंगावर चार दिवस पडलेला ओला टॉवेल मात्र या नाकाला कधी सापडला नाही.

गेल्या वर्षीच्या तापात ते नाक गेलं. काकूंना कळलं, कारण काका गॅसशेजारी पेपर वाचत बसले आणि दूध करपून पातेलं काळं झालं. मंडळाला पत्ता नव्हता. काका ग्लास उजेडाला धरत. रंग गडद दिसला की ‘शेरी’ म्हणत आणि पाठ झालेली फळं म्हणून दाखवत.

वार्षिक चाचणीला बायकांनाही बोलावणं होतं. परीक्षकाची खुर्ची बारा वर्षं काकांचीच. यंदा औषधांच्या दुकानवाल्यांनी निळ्या काचेचे ग्लास आणले.

“रंग दिसला की मन फितूर होतं हो,” ते गोड हसत म्हणाले. त्यांचा डोळा खुर्चीवर होता.

दातांच्या डॉक्टरांनी तीन ग्लास भरले. शेरीच्या पिंपातली एकच, ती ओळखायची. काकांनी ग्लास उजेडाला धरला आणि तसाच खाली ठेवला.

“घरी जायचं का?” काकूंनी हळूच विचारलं.

“थांब जरा.”

तिन्ही घोट त्यांनी तोंडात सावकाश घोळवले. “दुसरा. यानं हिरड्या कोरड्या पडतात, फार उकळलेल्या चहानं पडतात तशा. बाकीच्यांनी नाही.”

“आणि फळं?” औषधवाल्यांनी विचारलं.

“मला वास येत नाही. वर्ष झालं.”

मग औषधवाल्यांनी तिसऱ्या ग्लासात अकरा फळं, भाजके बदाम आणि घोड्याचं खोगीर शोधून काढलं. डॉक्टरांनी उत्तराची चिठ्ठी उघडली. दुसराच होता.

हात वर करून मतं झाली आणि खुर्ची औषधवाल्यांकडे गेली.

“तुमचं बरोबर होतं,” डॉक्टर काकांना म्हणाले, “पण ऐकायला मजा नाही आली.”

परतताना काकांनी विचारलं,

“माझ्या बाजूनं तू कशाला हात वर केलास? बायकांना मत नव्हतं.”

“म्हणून तर दोन्ही केले,” काकू म्हणाल्या.