बोटं मोडून मिळालेला पत्ता

मी कबनूरचा. दोन वर्षं पॉवरलूमवर काढली आणि फौजेत गेलो. नव्वदीच्या शेवटी आमची कंपनी काश्मीर खोऱ्यात होती. मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली नाईक सिद्राम होता, गडहिंग्लजच्या पुढच्या गावचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. मला अण्णा म्हणायचा.

आमचं काम रोड ओपनिंगचं. पहाटे साडेपाचला निघून सहा किलोमीटर रस्ता पायी तपासायचा. रस्त्याखालच्या मोऱ्यांत वाकून बघायचं, ताजी उकरलेली माती बघायची. रस्ता साफ असल्याचा रिपोर्ट गेला की कॉन्व्हॉय, म्हणजे फौजी गाड्यांचा ताफा, सुटायचा.

त्या दिवशी कॉन्व्हॉय अकराचा होता. आठ वाजून दहा मिनिटांनी बाजारात स्फोट झाला. बाँब भाजीच्या हातगाडीत होता. आम्ही चार मिनिटांत पोहोचलो. आमचे दोन जवान बुटांवरून ओळखावे लागले. बाकी सगळे गावचे लोक. एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पालकाची जुडी, डोळे उघडे. मी खांद्याला हात लावला तशी ती कलंडली. सकाळी आठला भाजी घ्यायला कोण येतं, हे गाडी लावणाऱ्याला ठाऊक होतं. त्याचं कारण काहीही असो, मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं आणि आजही नाही.

गल्लीतून पळणारा एक माणूस जवानांनी धरला. तिशीचा असेल. खिशात पक्कड आणि वायरचं भेंडोळं.

आठ चाळीसला रेडिओवर आलं, "रस्त्यावर दुसरा बाँब लावलाय. जागा माहीत नाही. ओव्हर."

कंपनी कमांडर जखमींबरोबर गेले होते. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "अकराच्या आत जागा पाहिजे. कशी काढलीस ते मला सांगू नकोस."

कॉन्व्हॉय थांबवता आला असता. ते कोणी बोललं नाही. मीही नाही.

सिद्रामचा सेक्शन खालच्या रस्त्याच्या मोऱ्या पुन्हा तपासत होता. पाण्यासाठी तो वर आला, तेव्हा मी त्या माणसाला एका दुकानात घेत होतो.

"अण्णा, ह्याला पोलिसांकडं द्या."

"वेळ न्हाय."

"आमच्या चुलत्याला गावानं खांबाला बांधून मारलतं. पंपाची मोटार चोरली म्हणून. शेवटी म्हणाला, विहिरीत टाकली. सगळी विहीर उपसली. त्यानं मोटारीला हातबी लावला न्हवता."

"तू तुझं काम बघ."

तो गेला. मी शटर ओढलं.

आधी काठी. मग तोंडावर ओलं फडकं. मग मी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मागं वाकवून मोडली, एकापाठोपाठ एक. तो सारखं बहिणीचं नाव घेत होता. मला वाटलं, नाटक करतोय. पस्तीस मिनिटांनी तो म्हणाला, "वरच्या पुलाखाली." मला आनंद झाला. हे लिहायला जड जातंय, पण झाला.

मी रेडिओ सेट घेतला. "सिद्राम, खालचं सोड. वरचा पूल बघ. ओव्हर."

"दोन मोऱ्या राहिल्यात. ओव्हर."

"सोड म्हणतो ना. ओव्हर."

साडेदहाला त्याचा निरोप आला, "पुलाखाली काही नाही. ओव्हर."

"गाडीनं खालच्या रस्त्याला ये. लवकर. ओव्हर."

दहा पंचेचाळीसला खालच्या रस्त्यावर, राहिलेल्या दोन मोऱ्यांपैकी पहिलीवर गाडी उडाली. सिद्राम ड्रायव्हरशेजारी होता. मी धावत गेलो तेव्हा तो जिवंत होता. कमरेखाली काही उरलं नव्हतं. कन्नडमध्ये काहीतरी बोलला. मला कन्नड येत नाही. अकराला पाच कमी असताना गेला. कॉन्व्हॉय थांबवला गेला, त्यानंतर.

दुकानातला तो माणूस वायरमन निघाला. त्याची बहीण बाजारात भाजी घ्यायला गेली होती. स्फोट ऐकून तो तिला शोधायला पळाला होता. पुलाचं नाव त्यानं घेतलं, कारण मी फडकं काढावं म्हणून कुठलं तरी नाव घेणं भाग होतं.

रिटायर झाल्यावर कोल्हापुरात एका कॉलेजात बोलायला बोलावलं. एका प्राध्यापकांनी विचारलं, "बाँब पुलाखालीच सापडला असता तर?"

मी म्हणालो, "तर माझी पाठ थोपटली असती आणि पुढच्या माणसाची बोटं मी लवकर मोडली असती."

मला तेवढंच उत्तर येतं. हातगाडी लावणाराही 'भाग होतं' असंच म्हणत असेल. दुकानाचं शटर ओढताना मीही मनाशी तेच म्हणालो होतो.

त्याआधी, सुट्टीवर आल्यावर, सिद्रामच्या वडिलांकडे गेलो होतो. सोप्यात बसून सगळं सांगितलं, फडक्यासकट. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या माणसाची बोटं जुळली का?"

"ठाऊक न्हाय."

"इचारायला पाहिजे होतं की."

आत सिद्रामची आई भाकरी थापत होती. तिनं मला जेवायला वाढलं.

नाईक सिद्राम, सव्वीस वर्षांचा. ड्रायव्हर महिपत, चोवीस. बाजारात पडलेले आमचे दोघे, दिलबाग आणि मुरुगन. पालकाची जुडी घेतलेल्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही.