तिरडीवरचा कंडक्टर

त्या सिनेमाचं नाव आज आमच्या गावात कुणाला आठवत नाही. मला आठवतं, पण मी ते घेणार नाही. माझ्या बापाला ज्याने जिवंतपणी गावातून उठवलं, त्याचं नाव फुकट कशाला घ्यायचं?

आमचं गाव कासू स्टेशनापासून खाडीकडे चालत जाण्याच्या अंतरावर. गावात रंगीत टीव्ही पहिला आला तो काकाकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाकडे. तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि हातात घड्याळ घालायचा. त्याच्या ओटीवर आठवड्यातून एका संध्याकाळी सगळं गाव जमायचं, कारण टीव्हीवर ती एसटी कंडक्टरची विनोदी मालिका लागायची. कंडक्टर उंच मानेचा, कानांचा मोठा, जरा वाकून चालणारा. तिकिटं चुकवायचा, प्रवासी भलत्याच थांब्यावर उतरवायचा, सगळ्यांच्या शिव्या खायचा, आणि शेवटी दोनदा घंटा मारून ओरडायचा, "पुढे सरका, मागे आपलीच माणसं आहेत!" की संपला त्या दिवसाचा भाग.

माझे वडील हुबेहूब तसे दिसायचे. तीच मान, तेच कान. पण विनोदाचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. मिठागरावर उभं आयुष्य गेलेलं, मिठागर बंद पडलं तसे मिळेल त्या मजुरीवर जायचे. घरात दिवसाला चार शब्द बोलले तर खूप. एका हळदीत काकाने त्यांच्या डोक्यावर खाकी टोपी चढवली आणि हातात ताट-चमचा दिला. का कोण जाणे, बाबांनी ताटावर दोनदा टणटण केलं, मान पुढे काढली आणि ते वाक्य म्हटलं. मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी तेव्हा शाळेत होते. आपला बाप इतका मोठ्याने बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग काय, रामवाडीपासून रोह्यापर्यंत जिथे आमच्या लोकांची हळद, तिथे बाबांना बोलावणं. हळद म्हणजे आमच्याकडे लग्नाहून मोठी. त्यात बाबा टोपी घालून तासभर पाहुण्यांची तिकिटं फाडायचे, व्याह्यांना मागच्या सीटवर बसवायचे, नवऱ्या मुलाला 'हाफ तिकीट' म्हणायचे. बदल्यात मानाचा नारळ आणि टॉवेल. आमच्या फळीवर टॉवेलांची चळत झाली होती. आई म्हणायची, "पोट कोरडं आनि आंग पुसाया टावेल." पण बोलताना तिला हसू यायचं. आणि माझं तर केव्हाच ठरलं होतं. माझ्या हळदीला बाबा कंडक्टर करणार. त्यांनीही ते मनावर घेतलं होतं. सासूला कुठल्या थांब्यावर उतरवायचं याचा विचार ते आत्तापासून करायचे.

त्या मालिकेवर सिनेमा निघाला तो चांगला होता. पेणला सगळ्यांनी पाहिला, पुन्हा पाहिला. दुसऱ्या भागाची वाट गावाने सणासारखी पाहिली. तो रोह्याच्या टॉकीजला लागला त्याच रविवारी आम्ही सगळे कासूहून गाडीने गेलो. काकाने तिकिटं काढली होती. बाबा टोपी घालून आले होते. दारावरच्या माणसाने त्यांना बघून सलाम ठोकला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाबांनी सगळ्यांना आत सोडताना खोटी तिकिटं फाडली. त्या दाराशी बाबा जितके खूश होते तितकं खूश मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

मध्यंतराच्या जरा आधी बस घाटात कलंडली आणि कंडक्टर मेला.

"उठेल आता," काका म्हणाला. सगळेच वाट बघत होते. नाही उठला. पडद्यावर त्याच्या फोटोला हार घातला. मध्यंतरानंतर त्याचा परदेशातून आलेला जुळा भाऊ निघाला. गॉगल लावलेला, बायका घेऊन नाचणारा. नट तोच, पण कंडक्टर कुठेच नाही. आधी कुणी ओरडलंच नाही. मग मागून एक चप्पल पडद्यावर आली, मग बऱ्याच. बायका खरोखर रडत होत्या. आमच्या शेजारची म्हातारी तर गावात पोचल्यावर घरात न शिरता तशीच विहिरीवर गेली आणि डोक्यावरून आंघोळ करून आली. घरचा माणूस गेल्यावर करतात तशी. आम्ही तिला हसलो. हसायला नको होतं.

परतताना गाडीत नुसती भांडणं चालली होती. पैसे खाल्ले, डोकं फिरलं, मुंबईच्या लोकांना काय कळतंय. बाबा खिडकीशी बसले होते. कुणीतरी विचारलं तसे म्हणाले, "त्यांचा मेला तर मेला. माजा हाय की अजून." आणि टोपीवर हात ठेवला.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण काकाचा राग जिरत नव्हता. मोर्च्यात पुढाऱ्यांच्या प्रेतयात्रा काढतात तशी सिनेमाची काढायची असं त्याने ठरवलं. हायवेला गडबपाशी त्या सिनेमाचं मोठं पोस्टर होतं, तिथवर न्यायची आणि पोस्टर जाळायचं. पोरं पुतळा बांधायला बसली. तेवढ्यात काका म्हणाला, "पुतला कशाला? आपल्याकडं जिता कंडक्टर हाय."

आई दारात उभी राहिली. "जित्या माणसाला तिरडीवर घालतात का रे? अक्कल शेण खाया गेली काय तुमची?"

"वैनी, चेष्टा हाय गो. असं केल्यानं उलट आयुष्य वाढतं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. पण मिठागर गेल्यापासून त्यांना कोणी विचारत असेल तर हीच माणसं, टोपीमुळे. या माणसांना नाही म्हणण्याची हिंमत बाबांत नव्हती. "पोरांचा हिरमोड कशाला," असं पुटपुटत ते टोपी घेऊन निघाले.

काकाने तिरडी खरीच बांधली. दोन बांबू, आडव्या कामट्या, वर पेंढा, पांढरं कापड. पुढे मडकं धरलेला माणूस, मागे ढोल-सनईचा खालूबाजा. कुणीतरी बाबांच्या नाकात कापूस घातला त्यावर तर हशाच पिकला. पण गंमत म्हणजे, मी वाटेवर उभी होते म्हणून सांगते, तिरडी समोर आली की हसणाऱ्या बायकांचे हात आपोआप पदराकडे जात होते. पदर डोक्यावर घेऊन त्या हसत होत्या.

मेल्याच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून आईने मुद्दाम चूल पेटवली. यात्रा दारावरून जात होती तेव्हा ती बोंबील तळत होती, धूर बाहेर जाईल असं दार सताड उघडं टाकून. एकदाही वर बघितलं नाही. भाकरी थापता थापता रडत होती.

गडबला पोस्टर जाळलं. बाबा ठरल्याप्रमाणे तिरडीवर उठून बसले, नाकातला कापूस काढला आणि आपलं वाक्य म्हटलं. टाळ्यांनी हायवे दणाणला. घरी आले तेव्हा आईने उंबऱ्याबाहेरच त्यांच्या डोक्यावर घागर ओतली. ते माझ्याकडे बघून कसनुसे हसले.

तुळशीचं लग्न झालं, हळदी सुरू झाल्या. पहिल्याच घरून निरोप आला, औंदा नको. दुसऱ्यांनी ऑर्केस्ट्रा ठरवला होता. तिसरे म्हणाले, पोरांना आता तेच तेच बघून कंटाळा आलाय. सगळे गोड बोलत होते, कुणी खरं कारण सांगत नव्हतं. शेवटी त्या विहिरीवर आंघोळ केलेल्या म्हातारीनेच आईला सांगितलं, "तिरडीवरना उतरलेला माणूस हलदीच्या मांडवात चालत नाय, बाय. तू समजून घे." ज्यांनी खांदा दिला त्यांच्याच घरच्या हळदी होत्या त्या. हसत हसत न्यायचं आणि मग दारात उभं करायचं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाबा संध्याकाळी वाजंत्री ऐकू आली की ओटीवर येऊन बसायचे. कोणाकडे हळद आहे ते विचारायचे नाहीत.

फाल्गुनात माझं लग्न ठरलं. मुलगा रोह्याच्या बाजूचा. लग्नाच्या आधी काका घरी आला आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "पावन्यांचं म्हननं असं, की कन्यादान आमी नवराबायकोनी करावं. दादानं बसू नाय. हलदीला पन जरा बाजूलाच राहावं."

माझं डोकंच फिरलं. "तिरडी कोणी बांधली, काका?"

"चेष्टा होती गो ती."

"चेष्टा होती तर बसू द्या ना बाबांना!"

"आपल्याला म्हाईत हाय. त्यांना कसं सांगू?"

मी सांगितलं, मग हे लग्नच नको. आई माझ्या बाजूने उभी राहिली. काका रडायला लागला, खरंच रडला, पण मला त्याची जराही दया आली नाही. आजही येत नाही. तेव्हा कोपऱ्यातून बाबा बोलले. "लग्न मोडलेली पोर आनि तिरडीवरचा बाप, दोन्ही एका घरात नको. तूच बस रे कन्यादानाला." माझ्यासाठी केलं त्यांनी ते. मला ते नको होतं.

हळदीला बाबा मागच्या दारी पाण्याच्या पिंपांपाशी बसले होते. मी हळदीच्या अंगाने उठून तिथे गेले, बायका अडवत होत्या तरी. म्हटलं, "बाबा, एकदा करा. माझ्यापुरतं." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, स्वतःचे हात मागे घेतले आणि म्हणाले, "नको गो बाय. पुढं कवातरी काय वाईट झालं तर मनात खोट येल तुज्याच." दुसऱ्या दिवशी मांडवात काका-काकूंनी माझा हात दिला. अंतरपाटापलीकडे मी माणसांत बाबांना शोधत होते. ते मला दिसले नाहीत.

पाठवणीला जीप भरली. आई गळ्यात पडून रडली, काकूही रडली. सामान मागे चढत होतं, कोणी उशी विसरलं, कोणी पाहुणीची चप्पल शोधत होतं. ड्रायव्हर सारखा मागे वळून विचारत होता, झालं का, सोडू का. कोणालाच धड सांगता येईना.

तेवढ्यात जीपच्या मागच्या पत्र्यावर टणटण वाजलं. दोनदा.

मी वळून पाहिलं. बाबा चाकाशी उभे होते, डोक्यावर टोपी नव्हती. वाक्य त्यांनी म्हटलं नाही. गर्दीत कुणालातरी हसू फुटलं. बाबा मागे सरकले आणि ड्रायव्हरने गाडी सोडली.