रंगाऱ्याचं ऱ्होडोडेंड्रॉन

माझे सासरे रंगारी. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला आणि स्वतःच्या घराचे पोपडे तसेच राहिले. "दिव्याखाली अंधार," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मागच्या बागेत निघून जात. तिथे उत्तरेच्या भिंतीलगत त्यांचं लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन होतं. माणसांशी तुसडेपणाने वागणारा हा माणूस त्या झाडाशी मात्र लोण्याहून मऊ.

या झाडाला आंबट माती लागते, चुना लागला की संपलं. म्हणून चुन्यात हात बुडवून पोट भरणारे सासरे बादल्या रस्त्याकडेला धूत, कोपरापर्यंत साबण लावत आणि मगच बागेत पाऊल टाकत. झाडाला नळाचं पाणीसुद्धा नाही, पिंपात साठवलेलं पावसाचं. मुळं वरवर असतात, तेव्हा बुंध्याजवळ कुदळ न्यायची नाही. लग्न होऊन मी घरात आले, त्याच दिवशी मला झाडापुढे उभं करून ते म्हणाले, "सूनबाई, याचं पान तोंडात घालायचं नाही. विषारी असतं." मी काय शेळी आहे? पण ओठांवर आलेलं गिळलं.

गेल्या वर्षी एका सकाळी बुंध्याभोवतीची माती खणलेली दिसली. सासूबाईंनी घुशींवर ढकललं. मग पानं पिवळी पडू लागली, फक्त शिरा हिरव्या. मी माती उकरली तर खाली चुन्याचे पांढरे खडे. माझा संशय शेजारणीवर. झाडाची सावली तिच्या वाळवणावर पडते म्हणून तिची रोजची कटकट असायची. मी कुंपणाशी जाऊन तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "आधी आपल्या घरात बघ."

बघितलं. भर दुपारी सासरे बादली आणि ब्रश घेऊन झाडाशी बसले होते. बुंधा पांढराफेक. ओघळ मुळांवर उतरत होते.

"बाबा, हे काय करताय?"

"पहिला हात झाला," ते समाधानाने म्हणाले. "वाळला की दुसरा देतो."

संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, "आई, डॉक्टरांना दाखवू या." त्या भडकल्या. "वय झालं की होतं विसरायला. राईचा पर्वत करू नकोस. आणि माझ्या माणसाला वेडा ठरवू नकोस." मी बादल्या माळ्यावर टाकल्या, शिडी कुलपात ठेवली. माझ्या नवऱ्याला काही बोलायला जावं तर हे आईच्या शब्दाबाहेर नाहीत.

यंदा झाड असं फुललं की पान दिसेना. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. "बघ, बिघडलं का काही? तुझं आपलं उगीच!" मला मात्र ते लाल बघवत नव्हतं. सासऱ्यांनीच एकदा सांगितलं होतं, झाड मरायला टेकलं की जीव तोडून फुलतं. आता तेच टाळी वाजवून म्हणत होते, "वा! कुणी लावलं हे?"

एके दिवशी मी बाजारातून आले तर सासरे स्वयंपाकघरात. जन्मात कधी गॅस न पेटवलेला माणूस किटली घेऊन उभा! सासूबाई टेबलाशी नव्या नवरीसारख्या लाजत बसलेल्या. "आज चहा ह्यांच्या हातचा," त्या म्हणाल्या. "म्हणे, विसरतात!"

किटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. फटीतून एक लांबट, जाड, पिवळं पान बाहेर आलं होतं. शिरा हिरव्या.

"आई, पिऊ नका!" मी ओरडले. "झाडाची पानं आहेत त्यात!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा करडा निघाला. "सूनबाई, किती वेळा सांगायचं? त्याचं पान तोंडात घालायचं नाही. विषारी असतं."

आणि बोलता बोलता ते सासूबाईंच्या कपात चहा ओतायला लागले.

सासूबाईंनी कपावर हात ठेवला. उकळता चहा त्यांच्या बोटांवर पडत होता. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि किटली मी ओढून घेईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.